बांधकाम प्रकल्पांतील कंपन्यांची भागीदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन कंपन्यांनी मिळून एखादा पूल, बोगदा किंवा इमारत उभारायची ठरवली की पहिल्या बैठकीत काही प्रश्न हमखास निघतात. काही निघायला हवेत, पण संकोचापोटी निघत नाहीत. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे घेतले आहेत. मी कंत्राट विभागातही बसलो आहे आणि साइटवरही उभा राहिलो आहे, त्यामुळे उत्तरांत माझी मतंही आली आहेत. कायद्याचा तपशील देशागणिक बदलतो. तेवढा भाग आपल्या वकिलांकडून तपासून घ्या.

जॉइंट व्हेंचर, कन्सॉर्शियम आणि उपकंत्राट यांत फरक काय?

काम तिन्हींत वाटलं जातं. फरक आहे तो तोटा कोणाच्या अंगावर येतो यात.

उपकंत्राटात मालकाशी, म्हणजे काम करवून घेणाऱ्याशी, करार एकाच कंपनीचा असतो. उपकंत्राटदार चुकला तरी मालक मुख्य कंत्राटदारालाच जाब विचारतो. कन्सॉर्शियममध्ये दोघे मालकासमोर एकत्र उभे राहतात, पण आत कामाच्या हद्दी ठरलेल्या असतात : एकाकडे स्थापत्य, दुसऱ्याकडे विद्युत आणि यांत्रिकी. ज्याचा त्याचा हिशेब, ज्याचा त्याचा नफा. जॉइंट व्हेंचरमध्ये, म्हणजे साइटच्या भाषेत जेव्हीमध्ये, दोघांचे पैसे, माणसं आणि यंत्रं एकत्र येतात, खातं एक असतं आणि शेवटी जे उरेल किंवा बुडेल ते हिश्श्यानुसार वाटून घ्यायचं असतं.

कागदावर एक नाव आणि प्रत्यक्षात दुसरा कारभार, असं मात्र फार वेळा दिसतं. कागदावर जेव्ही लिहिलेलं असतं आणि साइटवर नदीचा हा काठ तुमचा, तो आमचा अशी वाटणी झालेली असते. त्यात गैर काही नाही. इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनेल बोगद्याचं काम पाच ब्रिटिश आणि पाच फ्रेंच कंपन्यांच्या एकाच समूहाने घेतलं होतं, पण ब्रिटिश गट आपल्या किनाऱ्याकडून आणि फ्रेंच गट आपल्या किनाऱ्याकडून खोदत गेला. अडचण तेव्हा होते, जेव्हा काम वाटून घेतलेलं असतं आणि तोट्याची वाटणी कशी करायची हे करारात एकत्र कारभाराच्या भाषेत लिहिलेलं असतं. मग एका काठावर खडक लागला की दुसऱ्या काठावरचा भागीदार विचारतो, "यात माझा काय संबंध?"

मग 'पार्टनरिंग' म्हणजे वेगळं काय? त्यात मालकही येतो का?

हो, येतो. जेव्ही ही कंत्राटदारांची आपसातली जोडणी आहे. पार्टनरिंगमध्ये मालक, कंत्राटदार, सल्लागार आणि बऱ्याचदा मुख्य उपकंत्राटदारही एका टेबलावर बसून ठरवतात की अडचण आली तर पत्रापत्री सुरू करण्याआधी ती कशी सोडवायची.

हा विचार कोर्टकचेरीच्या थकव्यातून आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर दलाने आपल्या कामांवर तो पद्धतशीर वापरायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये मायकेल लॅथम यांचा १९९४ चा आणि जॉन ईगन यांचा १९९८ चा, अशा दोन अहवालांनी त्याला बळ दिलं. दोघांचं म्हणणं थोडक्यात असं, की सर्वांत कमी दराला काम देऊन पुढे प्रत्येक गोष्टीवर झगडत बसणं शेवटी मालकालाच महाग पडतं.

याच काळातलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑक्टोबर १९९४ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाखाली खोदकाम सुरू असताना रेल्वेचे बोगदे कोसळले. अशा वेळी सगळे पक्ष वकिलांकडे धाव घेतात आणि काम वर्षानुवर्षं भिजत पडतं. तिथे मालक आणि कंत्राटदार यांनी एकच टीम करून आधी दुरुस्तीचा मार्ग शोधला आणि १९९८ मध्ये ती रेल्वे सुरू झाली. दोष कोणाचा याची चौकशी झाली, १९९९ मध्ये न्यायालयात दंडही झाले. म्हणजे एकत्र काम करणं आणि जबाबदारी निश्चित होणं या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

एकत्र यायचं कारण कोणतं असावं?

अनुभवाची अट, आर्थिक क्षमता, विशिष्ट यंत्रसामग्री, एखाद्या प्रदेशाची माहिती ही सगळी कारणं योग्य आहेत. जोखीम वाटून घेण्यासाठी एकत्र येणंही योग्य.

केवळ निविदेतली पात्रता गाठण्यासाठी नाव उसनं घेणं मात्र धोक्याचं. ज्याचं नाव आहे तो साइटवर माणूस पाठवत नाही, आणि ज्याचा माणूस साइटवर आहे त्याला त्या कामाचा अनुभव नसतो. कामाला पहिला धक्का बसला की नाव देणारा काखा वर करतो. पण त्याची सही करारावर असते, म्हणून फासात तोही अडकतोच.

दोन स्पर्धक कंपन्या एकत्र निविदा भरू शकतात का?

साधारणपणे शकतात, निविदेच्या अटींत बसत असेल आणि मालकापासून काही लपवलेलं नसेल तर. वरवर वेगळ्या निविदा भरायच्या आणि आतून दर ठरवून घ्यायचे, ही भागीदारी नव्हे. ती संगनमताने केलेली फसवणूक आहे आणि बहुतेक देशांत गुन्हा आहे. जेव्हीच्या बोलण्यांत दुसऱ्या एखाद्या निविदेचा विषय निघाला तर तिथेच थांबवा.

जोडीदार निवडताना काय पाहावं?

ताळेबंद, हातातली कामं, बँकेची मर्यादा हे सगळे पाहतात. मी आणखी तीन ठिकाणी जाऊन पाहायला सांगेन. एक, त्यांची चालू असलेली साइट : स्टोअर, मजुरांची राहण्याची जागा, सुरक्षेची शिस्त. दोन, त्यांचे जुने उपकंत्राटदार : बिलं वेळेवर मिळतात का, हे त्यांच्याइतकं खरं कोणी सांगत नाही. तीन, त्यांनी तोट्यात गेलेलं काम. नफ्याच्या कामात सगळेच सज्जन असतात. तोट्याचं काम त्यांनी पुरं केलं की अर्धवट सोडलं, आणि तोटा होतोय हे मालकाला कधी सांगितलं, यावरून माणसं कळतात.

एक प्रश्न समोरासमोर विचारा : "तुमच्या कंपनीत वाईट बातमी वर पोचायला किती दिवस लागतात?" उत्तरापेक्षा उत्तर देताना ते एकमेकांकडे कसं पाहतात ते बघा.

निविदा भरण्याआधी किती गोष्टी लिहून ठेवाव्यात?

निविदेआधी एक करार होतोच. कोणी त्याला एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, म्हणतात, कोणी निविदापूर्व करार. तो दोन पानी असला तरी चालेल, पण त्यात हे हवंच : हिस्सा किती, लीड पार्टनर, म्हणजे पुढाकार घेणारा भागीदार, कोण, निविदेचा खर्च आणि अनामत कोणी भरायची, दर अंतिम करायला दोघांची सही लागेल की नाही, आणि काम मिळालं नाही तर एकमेकांची माहिती वापरता येणार नाही हे कलम. शिवाय या निविदेपुरता दोघांनी दुसऱ्या कोणाबरोबर जायचं नाही, हेही.

भागीदारांमधला मुख्य करार काम मिळाल्यावर करू, असं म्हणून ठेवलं जातं आणि काम मिळाल्यावर वेळ कोणालाच नसतो. माझ्या पाहण्यातल्या एका कामावर पाया पूर्ण होईपर्यंत मुख्य करारावर सह्या नव्हत्या. तोवर जमिनीखाली अपेक्षेपेक्षा वाईट माती निघाली होती. त्यामुळे कराराचं प्रत्येक कलम त्या मातीच्या खर्चाकडे बघून लिहिलं गेलं. निविदा भरायच्या दिवशी मुख्य कराराचा मसुदा तयार असावा, हा नियम मी तेव्हापासून सोडलेला नाही.

दोघांचे अंदाज वेगळे आले तर?

वेगळे यायलाच हवेत! जेव्हीचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे आणि बहुतेक जण तो घाईत वाया घालवतात.

दोन्ही कंपन्यांनी आपापला अंदाज एकमेकांना न दाखवता पूर्ण करायचा. मग एका खोलीत बसून बाबीनुसार दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडायचे. एकूण रकमेत दोघे जवळ आले म्हणून समाधान मानू नका. एकूण बेरीज जुळली तरी आत एकाने काँक्रीट स्वस्त आणि शटरिंग महाग धरलेलं असतं, दुसऱ्याने उलट. जिथे फरक मोठा आहे तिथे कोणाला तरी काहीतरी माहीत आहे, किंवा कोणीतरी काहीतरी विसरलं आहे. एकाने क्रेन सहा महिने धरली आणि दुसऱ्याने अकरा, तर त्या पाच महिन्यांत काय चाललंय हे विचारल्यावर कळतं, की गर्डर बसवण्याचा क्रमच दोघांनी वेगळा कल्पिला आहे. ही गोष्ट निविदेच्या खोलीत कळणं आणि साइटवर कळणं यांत फार अंतर आहे.

दोन्ही अंदाजांची सरासरी काढू नका. फरक समजून घेऊन एक आकडा ठरवा आणि तो का ठरवला हे त्याच कागदावर लिहून ठेवा. दोन वर्षांनी तोच कागद भांडण वाचवतो.

'संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी' या कलमाचा अर्थ काय?

अर्थ असा, की मालकासाठी तुम्ही प्रत्येक जण शंभर टक्के जबाबदार. तुमचा हिस्सा तीस टक्के असो की दहा, जोडीदाराने हात वर केले तर मालक पूर्ण कामाची आणि पूर्ण नुकसानीची मागणी तुमच्याकडे करू शकतो. तीस-सत्तरचं गणित फक्त आपसातल्या वसुलीसाठी. आणि समोरच्याकडे पैसेच उरले नसतील तर वसुली कशाची करणार?

हे काल्पनिक नाही. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनची कॅरिलियन ही मोठी बांधकाम कंपनी दिवाळखोरीत गेली. स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनच्या वळणरस्त्याचं काम ती आणखी दोन कंपन्यांबरोबर करत होती. तिच्या वाट्याचं ओझं उरलेल्या दोघांवर आलं आणि त्यांनीच ते काम तडीस नेलं.

म्हणून हिस्सा लहान आहे म्हणजे जोखीम लहान आहे, असं कोणी सांगितलं तर मानू नका. सही करण्याआधी स्वतःला विचारा : हे सगळं काम मला एकट्याला पुरं करावं लागलं तर झेपेल का?

नफा-तोटा हिश्श्याने वाटायचा, मग वाद कशावर होतात?

हिश्श्यावर वाद क्वचित होतो. नफा मोजण्याआधी जेव्हीच्या खात्यातून काय काय बाहेर गेलं, यावर होतो.

यंत्रांचं भाडं हे त्यातलं पहिलं. समजा, एका भागीदाराकडे बॅचिंग प्लांट, म्हणजे काँक्रीट तयार करणारं यंत्र, आणि क्रेन आहेत आणि तो त्या जेव्हीला भाड्याने देतो. दर बाजारापेक्षा चढा असेल तर त्याचा नफा भाड्यातच निघून आला, मग काम तोट्यात गेलं तरी त्याला झळ कमी. शिवाय यंत्र बंद पडलं, उभं राहिलं किंवा गरज संपली तरी साइटवरून हललं नाही, तर भाडं चालू की बंद? दर, बंद काळाचा नियम, डिझेल, दुरुस्ती आणि यंत्र परत पाठवायची तारीख हे आधी ठरवा. भागीदाराचं यंत्र घेण्याआधी बाहेरून एक तरी दर मागवायचा, हा नियम दोघांच्याही हिताचा आहे.

दुसरं, माणसांचे पगार. मुख्य कार्यालयाचा खर्च किती टक्के लावायचा आणि मुख्यालयात बसून या कामाकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा पगार कुठे टाकायचा, हेही सुरुवातीलाच स्पष्ट हवं.

तिसरं, खेळतं भांडवल. मालकाचं बिल अडकलं की दोघांनी हिश्श्याप्रमाणे पैसे घालायचे असतात. एकाने घातले, दुसऱ्याने टाळाटाळ केली, तर काय? करारात व्याज असावं, आणि ठरावीक दिवसांनंतर हिस्सा व मताचा अधिकार कमी होण्याची तरतूदही. हे कलम कठोर वाटतं, पण ते नसेल तर प्रामाणिकपणे पैसे घालणाऱ्यालाच शिक्षा होते.

'लक्ष्य खर्च' पद्धत कशी चालते?

मालक आणि कंत्राटदार मिळून कामाचा एक वाजवी खर्च ठरवतात. काम त्याहून कमी खर्चात झालं तर बचत दोघांत वाटली जाते, जास्त झालं तर तोटाही वाटला जातो. लक्ष्य १०० आणि प्रत्यक्ष खर्च ९२ झाला, वाटणी अर्धी-अर्धी ठरली असेल, तर ८ च्या बचतीतले ४ कंत्राटदाराला मिळतात आणि मालकाला काम ९६ ला पडतं. १०८ झाला तर कंत्राटदार ४ सोसतो.

उत्तर समुद्रातल्या अँड्र्यू तेलक्षेत्राचं काम बीपी ही ब्रिटिश तेल कंपनी आणि सात कंत्राटदारांनी अशाच आघाडीने केलं. लक्ष्य सुमारे ३७ कोटी ३० लाख पौंडांचं होतं, काम सुमारे २९ कोटी पौंडांत झालं, आणि १९९६ मध्ये ठरल्यापेक्षा साधारण सहा महिने आधी तेल सुरू झालं. एकाची बचत सगळ्यांची असल्यामुळे एका कंत्राटदाराने दुसऱ्याचं काम सोपं करण्यात त्याचाही फायदा होता.

ही पद्धत उघड्या वहीवर उभी असते. खरा खर्च दाखवायची तयारी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

जोखीम मालकाने स्वतःकडे ठेवली तर कंत्राटदार निर्धास्त होत नाहीत का?

शंका रास्त आहे. हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलला, ४ अब्ज ३० कोटी पौंडांच्या कामाला, मालकाने मुख्य जोखीम आणि विमा स्वतःकडे घेतला. कंत्राटदारांना खरा खर्च आणि ठरलेला नफा मिळायचा, चांगल्या कामाला वर बक्षीस. बांधकाम वेळेत आणि अंदाजपत्रकात झालं. कारण अडचण लपवण्यात कोणाचा फायदाच उरला नव्हता. पण अशा मालकाकडे स्वतःची जाणती तांत्रिक टीम लागते. ती नसलेल्या मालकाने हे करू नये.

आणखी एक गोष्ट : २७ मार्च २००८ ला टर्मिनल सुरू झालं त्याच दिवशी सामान हाताळणीत मोठा गोंधळ झाला. बांधणाऱ्यांची एकजूट वापरणाऱ्यांच्या तयारीची जागा घेऊ शकत नाही. इमारत चालवणारे लोक टेबलाभोवती पहिल्यापासून हवेत.

साइटवर कोणाचं चालतं?

एकाच माणसाचं. प्रकल्पप्रमुख एक, त्याच्यावर दोन्ही कंपन्यांच्या वरिष्ठांची समिती. दोन प्रकल्पप्रमुख ठेवून 'समान मान' राखला की फोरमनला दोन सूचना मिळतात आणि तो दोन्ही पाळत नाही.

पदं मात्र मिसळून द्या. प्रमुख एका कंपनीचा असेल तर हिशेब दुसऱ्या कंपनीच्या माणसाकडे असावा. प्रत्येकाच्या मागे मूळ कंपनी आहे, तिथेच त्याची बढती ठरते, हे विसरू नका. एका साइटवर दोन्ही कंपन्यांची हेल्मेटं वेगळ्या रंगाची होती आणि जेवायलाही लोक रंगानुसार बसायचे. नव्या प्रमुखाने एकाच रंगाची हेल्मेटं आणली, दोन कार्यालयांमधली पत्र्याची भिंत काढली आणि रोज सकाळी सर्वांची एक उभी बैठक सुरू केली. महिन्याभरात पत्रं कमी झाली, कारण जे पत्रात जायचं ते सकाळी बोललं जाऊ लागलं.

नकाशे आणि मॉडेल यांचंही तसंच. सगळ्यांसाठी एकच सामायिक साठा, एकच चालू आवृत्ती. जुन्या नकाशावर बांधलेली सळई तोडणं हा भागीदारीतला सर्वांत फुकटचा खर्च आहे.

मतभेद झाले तर कोर्टात जायचं का?

ते शेवटचं. आधी पायऱ्या ठरवा : साइटवर अमुक दिवसांत सुटला नाही तर प्रश्न वरच्या पातळीवर, तिथे नाही सुटला तर समितीकडे. दिवस मोजून लिहा. वर पाठवणं म्हणजे चुगली नव्हे, हे सर्वांना सांगा.

त्यापुढे तज्ज्ञांचं तंटा मंडळ. अमेरिकेत कोलोरॅडोच्या आयझेनहॉवर बोगद्याची पहिली नळी वादांनी आणि वाढलेल्या खर्चाने गाजली होती. दुसऱ्या नळीसाठी १९७५ मध्ये असं मंडळ सुरुवातीपासून नेमलं गेलं. आता फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारांतही ते असतं. मंडळ वाद उभा राहिल्यावर नेमू नका. कामाच्या पहिल्या दिवसापासून नेमा आणि ठरावीक काळाने साइटवर आणा. ज्यांनी खड्डा उघडा असताना पाहिला, त्यांना नंतर फोटो दाखवून पटवावं लागत नाही.

विश्वास असेल तर एवढा करार कशाला?

कारण विश्वास माणसांत असतो आणि माणसं बदलतात. चार वर्षांच्या कामात प्रकल्पप्रमुख बदलतो, कधी कंपनीचा मालकही बदलतो. करार वाचणारा शेवटचा माणूस तुम्ही नसाल, असं धरून लिहा.

उपकंत्राटदारांचं काय?

वर भागीदारीची भाषा आणि खाली "मालकाकडून आले की देऊ" अशी उत्तरं, हे मला मनापासून खटकतं. प्रत्यक्ष काम तेच करतात. निदान मोठ्या उपकंत्राटदारांना आराखड्याच्या टप्प्यावर बोलवा, आणि सगळ्यांना वेळेवर पैसे द्या.

लहान कंपनीने मोठ्या कंपनीबरोबर जावं का?

जावं, पण डोळे उघडे ठेवून. हिस्सा लहान असला तरी काही निर्णय दोघांच्या संमतीशिवाय होणार नाहीत, अशी यादी करारात मागा : कर्ज, मोठी खरेदी, दावा तडजोडीने मिटवणं, प्रमुख बदलणं. खाती पाहण्याचा हक्क बिनशर्त हवा. संयुक्त जबाबदारी झेपत नसेल तर सरळ उपकंत्राट घ्या. त्यात कमीपणा नाही. अनुभवाचा दाखला तुमच्या नावाने मिळेल, एवढं लिहून घ्या.

भागीदारी संपते कधी?

उद्घाटनाच्या दिवशी नक्कीच नाही. पुढे दोषदायित्वाचा काळ असतो, म्हणजे निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा, राखून ठेवलेली रक्कम सुटायची असते, बँक गॅरंटी परत घ्यायची असते, मालकावरचे दावे चालू असतात, करांच्या नोटिसा येतात. तोवर साइटवरची माणसं पुढच्या कामांवर गेलेली असतात, आणि गळती दुरुस्त करायला कोणी जायचं यावरून दोन मुख्यालयांत फोनाफोनी होते.

म्हणून काम जोरात असतानाच शेवटच्या टप्प्यासाठी एक माणूस नेमा आणि त्याच्या पगाराची तरतूद जेव्हीच्या खात्यातच करून ठेवा. नफा वाटताना दुरुस्तीसाठी रक्कम मागे ठेवा. दैनंदिन नोंदी, मापं, चाचणी अहवाल आणि पत्रव्यवहार यांची पूर्ण प्रत दोन्ही कंपन्यांकडे जाऊ द्या, साइट कार्यालय मोडण्याआधी. शेवटची बँक गॅरंटी हातात आली आणि दोघांनी अंतिम हिशेबावर सही केली, की मग खातं बंद करा.